धुराचा हिशेब मांडणारा माणूस

बँकेत कर्जाच्या फायली तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. मालट्रक असो की पिठाची गिरणी, यंत्राची कागदावरची ताकद पाहून मी कधी भुललो नाही. ते हप्ते फिटेपर्यंत न मोडता चालेल का, हे आधी पाहायचे. म्हणूनच असेल, आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअराचे आयुष्य मला शोधापेक्षा हिशेबाची गोष्ट वाटते. आज घरगुती मोटारींच्या पाठीवर ‘टर्बो’ ही अक्षरे मिरवतात. त्या अक्षरांमागचा हा माणूस.

ब्यूखीचा जन्म १८७९ सालचा, विंटरटूर या कारखान्यांच्या गावातला. वडील तिथल्याच सुल्झर कंपनीत वरिष्ठ अधिकारी. झुरिकच्या तंत्रशिक्षणसंस्थेतून १९०३ मध्ये पदवी घेऊन तो काही काळ परदेशी नोकरीत राहिला. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा धुराबरोबर निघून जातो, ही उधळपट्टी त्याला डाचत होती. त्या धुराच्या झोताने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी. हवा जास्त म्हणून इंधन जास्त, आणि इंजिनाचा आकार न वाढवता ताकद जास्त. १९०५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने याचे पेटंट नोंदवले.

कल्पना बिनचूक होती, पण ती पेलणारे सामान बाजारात नव्हते. सुल्झरमध्ये परतून त्याने प्रयोग सुरू केले. हवेचा दाब मात्र टिकेना. त्या काळची दाबयंत्रे आणि टर्बाइन अकार्यक्षम, धातू धुराच्या आचेपुढे हतबल. एक ना दोन, तब्बल वीस वर्षे अशी गेली. तरुणपणी सुचलेली गोष्ट सिद्ध होईतो माणूस पंचेचाळिशी ओलांडून गेला.

१९२५ मध्ये वाट सापडली. निरनिराळ्या सिलिंडरांचा धूर एकमेकांच्या आड येऊ नये म्हणून त्याने नळ्यांची वेगळी जुळणी केली. शिवाय हवा आत घेणारा आणि धूर सोडणारा, असे दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे ठेवले. ताजी हवा सिलिंडर झाडून काढी आणि जाता जाता तापलेले भाग थंड करी. मला यातच त्याचे मोठेपण दिसते: ताकद वाढवतानाच त्याने उष्णतेची वाट करून दिली. ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्त्सिग’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरी डिझेल इंजिनांची शक्ती १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली.

ब्यूखी १९५९ मध्ये वारला. तीनच वर्षांनी, १९६२ मध्ये, अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोची मोटार विक्रीला आली. तिच्या पेट्रोल इंजिनात अवेळी स्फोट होऊन नॉकिंग होऊ नये म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारावे लागे. त्याची टाकी भरण्याचा गाडीवाल्यांना कंटाळा. वर्षभरानंतर, १९६३ मध्ये, ते मॉडेल बंद पडले. वीस वर्षांचा धडा रस्त्यावर पुन्हा गिरवावा लागला.

आजही रोजच्या वापराच्या गाडीतून दुप्पट अश्वशक्ती काढण्याचा ध्यास घेतलेले तरुण आधी मोठा टर्बो विकत घेतात. कर्ज मोठे आणि जामीनदार फाटका, अशातला हा प्रकार. खरी खरेदी न दिसणाऱ्या भागांची. ओतीव पिस्टनऐवजी घडीव पिस्टन, तसेच घडीव कनेक्टिंग रॉड. डोके घट्ट धरणारे मजबूत स्टड आणि अनेक पदरी पोलादी गॅस्केट. पिस्टनच्या रिंगांच्या टोकांत बेताची जास्त फट लागते; ती कमी पडली तर तापून टोके भिडतात आणि पिस्टन फुटतो. दाबलेली हवा तापते, तिला इंटरकूलर हवा. वाढीव हवेला पुरेल एवढे पेट्रोल देणारा पंप व इंजेक्टर हवेत. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर. म्हणून तेल उत्तम आणि वेळेवर बदललेले हवे. यातला एक दुवा कच्चा राहिला, तर बाकीचा सगळा खर्च घाटात मधोमध थांबतो, आणि गाडीत बहुधा घरची माणसे असतात.

तेव्हा असे काम करून देणाऱ्या गॅरेजवाल्याला ताकद किती वाढेल हे विचारू नये. ते कोणीही सांगतो. वाढलेली उष्णता कोणत्या वाटेने बाहेर जाईल, हे विचारावे. याचे उत्तर शोधण्यात ब्यूखीची वीस वर्षे गेली. ज्याला ते सांगता येईल, त्याच्याच हाती गाडीची किल्ली द्यावी.