तेराव्या वर्षी घर सोडलेला मुलगा

आमच्या घरात महिनाभर एकच वाद चालू आहे. नातू पंधरा वर्षांचा. त्याला मित्रांबरोबर सह्याद्रीतला एक सुळका दोर लावून चढायचा आहे आणि त्याची आई, म्हणजे माझी मुलगी, परवानगी द्यायला तयार नाही. पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंतची पावसाळी पायपीट तिने चालवून घेतली होती. कोल्हापुरातली कितीतरी पोरे ती दरवर्षी करतात. पण सुळका म्हटल्यावर तिचा धीर सुटला. निवाडा माझ्याकडे आला, तेव्हा मी कपाटातून ‘जैत रे जैत’ काढली आणि गो. नी. दांडेकरांपाशी जाऊन बसलो.

हे नाव मला आधी चित्रपटामुळे कळले. १९७७ साली जब्बार पटेलांनी तो केला. महानोरांची गीते, हृदयनाथांचे संगीत, स्मिता पाटीलची चिंधी. आम्ही शाळकरी पोरे ती गाणीच गुणगुणत फिरत होतो. कादंबरी पुढे करवीर नगर वाचन मंदिरातून आणून वाचली आणि ध्यानात आले, की गाण्यांच्या गोडीत मूळ गोष्ट निसटलीच होती. ही आधी एका पोराच्या मोठे होण्याची कथा आहे, प्रेमकथा नंतर.

मुंबई-गोवा रस्त्यावरून कर्नाळ्याचा जो उभा सुळका दिसतो, तो नाग्याच्या ठाकरवाडीचा लिंगोबा. त्याच्या कड्याला आग्यामोहोळाची पोळी. ढोल वाजवणाऱ्या नाग्याला पुण्यवंत व्हायचे आहे आणि राणीमाशीचे दर्शन हवे आहे. माश्या त्याचा एक डोळा घेतात. मग भक्तीची जागा सूड घेतो आणि तो लिंगोबा चढायला निघतो. जैत होते, पण ते जिच्यासोबत मिरवायचे ती चिंधी राहत नाही. डोंगर चढणाऱ्याला इतकी महाग किंमत मोजायला लावणारा लेखक स्वतः जन्मभर डोंगरच चढत होता, याचे मला नेहमी नवल वाटते.

अप्पांच्या (त्यांना सगळे अप्पाच म्हणत) आयुष्यात डोकावले की नवल थोडे कमी होते. जन्म १९१६ च्या जुलैतला, परतवाड्याचा. तेराव्या वर्षी स्वातंत्र्याच्या लढ्यात जायचे म्हणून ते घरातून निघून गेले. सातवीत शाळा सुटली ती कायमची. पुढे गाडगेबाबांचा सहवास लाभला. मधुकरी मागत वेदान्त शिकले, पायी नर्मदा परिक्रमा केली, औंधला पंडित सातवळेकरांकडे काम केले आणि अखेर तळेगाव दाभाड्याला स्थिरावले. स्थिरावले म्हणायचे एवढेच! पाय गडांवरच. राजगडावर तर त्यांचा जीव. खांद्याला कॅमेरा आणि मागे तरुणांचा घोळका. शाळा सुटलेल्या या माणसाने ठाकरांची, मावळातली, कोकणातली बोली कानांनी शिकून कागदावर उतरवली. ‘स्मरणगाथे’ला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९९८ च्या १ जूनला ते गेले.

‘स्मरणगाथा’ विशीत वाचली तेव्हा मी त्या पळालेल्या मुलाच्या बाजूने होतो. आता वाचताना नजर मागे राहिलेल्या घराकडे जाते. सांजवेळी दाराशी कोणीतरी उभे असेलच की! तो मुलगा गेला नसता तर आपल्याला नाग्या मिळाला नसता, हे खरे. पण त्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला हे कोण सांगणार? मला वाटते, अप्पांना हा हिशेब ठाऊक असावा. नाहीतर नाग्याचे जैत त्यांनी इतके ओकेबोके ठेवले नसते. एखाद्या हौशी लेखकाने त्याला वाजतगाजत खाली उतरवला असता.

निवाडा मला काही देता आला नाही. पुस्तक नातवासाठी म्हणून टेबलावर ठेवले आणि झोपलो. सकाळी पाहतो तर ते मुलीच्या उशाशी. खुणेचा कागद शेवटच्या काही पानांत होता. चहा झाला, डबे भरून झाले, नातू शाळेत गेला. सुळक्याचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.