रुडॉल्फ डिझेल : जीवनपरिचय आणि आपल्या जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट



डिझेल हा शब्द तुमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. पण ते एका माणसाचं आडनाव आहे, हे विचारून बघा. माझ्या आठवीच्या वर्गात एकालाही सांगता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर हा पाठ मी पुस्तक वाचून नाही, रस्त्यावर उभं राहून तयार केला.

मागच्या वर्षी मी एक जुनी डिझेल गाडी घेतली. विकणाऱ्याने सांगितलं होतं की टायमिंग बेल्ट नुकताच बदललाय. बिल मागायचं मला सुचलं नाही. विज्ञान प्रदर्शनासाठी दोन मुलांना घेऊन यवतमाळला निघालो होतो. जोडमोह्याच्या अलीकडे गाडी चालता चालता एकदम बंद पडली. आवाज नाही, धूर नाही. मागून ट्रक येत होता, नशिबाने त्याने वाट काढली. मिस्त्री आले, समोरचं कव्हर खोललं आणि तुटलेला पट्टा माझ्या हातात ठेवला. वॉल्व्ह वाकले होते, हेड उतरवावं लागलं. खर्च एका पगाराच्या वर गेला. प्रदर्शन हुकलं ते वेगळंच. रस्त्याच्या कडेला निंबाच्या सावलीत बसलेल्या मुलांपैकी एकाने विचारलं की डिझेल म्हणजे नेमकं काय असतं. तिथून ही गोष्ट सुरू झाली.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मूळचे जर्मनीच्या बव्हेरियातले, वडिलांचा चामडी वस्तू बनवायचा छोटा धंदा. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध पेटलं आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावं लागलं. हे कुटुंब लंडनला गेलं. तिथे हाल होऊ लागले, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवलं. ते काका गणिताचे शिक्षक होते. (आपल्या पेशाला इथे थोडा अभिमान वाटायला हरकत नाही.) काकांच्याच शाळेत मुलगा शिकला आणि पहिला आला. चौदाव्या वर्षी त्याने घरी कळवून टाकलं की मी इंजिनिअर होणार. घरच्यांना त्याने लवकर कमवायला लागावं असं वाटत होतं. पण शिष्यवृत्ती मिळाली आणि तो म्युनिकच्या तंत्रशाळेत गेला. शेवटच्या परीक्षेच्या वेळी टायफॉइड झाला, वर्ष हुकलं. पुढच्या संधीला, १८८० मध्ये, तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला.

म्युनिकला त्याला कार्ल फॉन लिंडं हे प्राध्यापक भेटले. त्यांच्या तासाला एक गोष्ट रुडॉल्फच्या डोक्यात रुतून बसली. वाफेचं इंजिन कोळशातली जवळपास नव्वद टक्के उष्णता वाया घालवतं. आपली यवतमाळ–मूर्तिजापूर शकुंतला आठवते ना? १९९४ पर्यंत ती गाडी वाफेचं इंजिनच ओढत होतं, मग डिझेल इंजिन आलं. तो बदल का झाला, याचं उत्तर या एका तासात आहे.

शिक्षण संपल्यावर डिझेल लिंडंच्याच बर्फ आणि शीतयंत्रांच्या कामात रुजू झाले. नोकरी चांगली होती, १८८३ मध्ये मार्थाशी लग्न झालं, तीन मुलं झाली. पण डोक्यात इंजिनच. १८९२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी ते मिळालं.

त्यांची कल्पना मुलांना शिकवायला सायकलचा पंप पुरेसा आहे. भोकावर बोट ठेवून जोरात हवा दाबा, नळी गरम लागते. हवा खूपच दाबली तर ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात इंधनाचा फवारा सोडला की ते आपोआप पेटतं. ठिणगी नको, स्पार्क प्लग नको. डिझेल इंजिन म्हणजे एवढंच.

आता बेल्टकडे या. हवा इतकी दाबायची तर पिस्टन वर आल्यावर त्याच्या आणि हेडच्या मध्ये अगदी चिंचोळी जागा उरते. त्याच जागेत वॉल्व्ह खाली उतरतात, हवा घेतात, धूर सोडतात. पिस्टन वर यायच्या आत वॉल्व्हने मागे सरकायलाच हवं. क्रँक दोन फेरे मारतो तेव्हा कॅम एक फेरा मारतो. हा ताळमेळ बऱ्याच गाड्यांत एक दातेरी रबरी पट्टा सांभाळतो, तोच टायमिंग बेल्ट. तो तुटला की कॅम थांबतो, काही वॉल्व्ह उघडेच राहतात आणि वर येणारा पिस्टन त्यांना ठोकतो. काही पेट्रोल गाड्यांतही असं होतं, पण डिझेलमध्ये ते जवळजवळ ठरलेलंच.

डिझेल यांच्या इंजिनात रबरी पट्टा नव्हता, संकटं मात्र होती. १० ऑगस्ट १८९३ रोजी ऑग्सबुर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली. इंधन पेटलं, पण दाब मोजायचं यंत्रच फुटलं आणि तुकडे उडाले. पुढच्या फेब्रुवारीत इंजिन स्वतःच्या बळावर कसंबसं मिनिटभर फिरलं. कोळशाची भुकटी जाळायचा विचारही त्यांनी करून पाहिला. तो जमला असता तर आपल्या वणीच्या खाणींचं महत्त्व काय झालं असतं, कल्पना करा! शेवटी फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक श्र्योटर यांनी सगळ्यांसमोर मोजमाप केलं. सुमारे २६ टक्के उष्णता कामी लागत होती.

पैसा धो धो आला. अमेरिकेतल्या अडोल्फस बुश यांनी तिथले हक्क दहा लाख मार्कांना घेतले. आणि इथेच माझ्या मते खरी गोष्ट आहे. कारखान्यातून बाहेर गेलेली इंजिनं गिऱ्हाइकाकडे जाऊन बिघडू लागली. प्रयोगशाळेत चाललेलं यंत्र रोज, धुळीत, अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हाताखाली चालत नव्हतं. तक्रारी आल्या. डिझेल यांची प्रकृती ढासळली, त्यांना उपचारासाठी दाखल व्हावं लागलं. ऑग्सबुर्गला त्यांच्या इंजिनांसाठी काढलेल्या स्वतंत्र कारखान्याचा जम कधी बसलाच नाही. इंजिन भरवशाचं केलं ते लाउस्टर यांच्यासारख्या इंजिनिअरांनी, एकेक भाग पुन्हा पुन्हा तपासून. त्यांची नावं कुणाला माहीत नसतात.

म्हणून पालकांनो, जुनी डिझेल गाडी घेताना विकणाऱ्याचा शब्द नाही, बेल्ट बदलल्याचं बिल बघा. त्यावर तारीख आणि रनिंग दोन्ही हवं. बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरा. सगळ्या गाड्यांत बेल्ट नसतो. स्विफ्ट डिझेलच्या १.३ लिटर इंजिनात चेन आहे, तेव्हा आधी पुस्तिकेत पाहा. पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी येईल ते खरं. गाडी उभी राहिली तरी रबर म्हातारं होतं. नुसतं वरून बघून पट्टा चांगला आहे असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका. तडे, तेलाचा डाग, झिजलेला दात दिसला तर तो बाद. पण काही न दिसताही तुटतो, माझा तसाच तुटला. बदलताना टेन्शनर आणि बेअरिंगही नवीन टाका. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असेल तर तोही. पंप जाम झाला तर नव्या पट्ट्याचंही वाटोळं होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कुलंटकडे आणि शेतरस्त्याच्या धुळीत एअर फिल्टरकडे जरा जास्तच लक्ष द्यावं लागतं. डिझेल फिल्टरमध्ये साचलेलं पाणी मिस्त्रीकडून वेळोवेळी काढून घ्या. ऑइल बदलीची तारीख चुकवू नका.

परत गोष्टीकडे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातल्या तेलावर इंजिन चालवता येईल, ही कल्पना डिझेल यांना पुढे फार आवडू लागली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी निघाली आणि विहिरीवरचं डिझेल इंजिन महाराष्ट्राच्या गावागावांत ओळखीचं झालं. तुमच्या वर्गातल्या कुणाच्या तरी आजोबांना त्या इंजिनाने हवा धरली की काय करायचं, ते नक्की ठाऊक असेल. त्यांना एकदा शाळेत बोलवा.

डिझेल यांनी मात्र यातलं काही पाहिलं नाही. डिझेलवर चालणारी मोटारही नाही. मर्सिडीजची २६० डी आली ती १९३६ मध्ये. जमिनीच्या व्यवहारांत आणि कोर्टकचेऱ्यांत त्यांचा पैसा गेला होता. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री ते अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन जहाजावर होते. जेवले, सकाळी सव्वासहाला उठवा असं सांगून खोलीत गेले. सकाळी अंथरूण न मोडलेलं, टोपी आणि कोट डेकवर. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या देहावरच्या वस्तू मुलाने ओळखल्या. निघण्यापूर्वी पत्नीकडे दिलेल्या पिशवीत रोकड होती आणि बँक खाती रिकामी असल्याचे कागद होते. घातपाताच्या अफवा खूप पसरल्या. मला त्या वर्गात सांगायच्या नाहीत. कर्ज आणि खचलेलं मन आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना समजावून सांगायला अफवांची गरज पडत नाही. पाठाचा हा भाग मी हळू घेतो आणि त्या दिवशी गृहपाठ देत नाही.

मुलांनी माझ्या गाडीसाठी एक चिठ्ठी तयार केली आहे. नवीन बेल्ट टाकल्याची तारीख, त्या दिवसाचं रनिंग आणि पुढच्या बदलीचं वर्ष, असं तीन ओळीत लिहून बॉनेटच्या आत चिकटवलंय. प्रश्न विचारणाऱ्या मुलाने तेच स्वतःच्या वहीतही उतरवून ठेवलं आहे, मी विसरलो तर म्हणून.