यशवंत क्लबचे यशवंतराव

इंदूरकराच्या तोंडी दिवसातून एकदा तरी यशवंतरावांचे नाव येतेच. घरात कुणी जास्त आजारी पडले की एम. वाय. गाठायचे. रिक्षावाल्याला यशवंत निवास रोड सांगायचा. पावसाळ्यात यशवंतसागर किती भरला याची चौकशी करायची, कारण आपल्या नळाचे थोडे पाणी तिथूनही येते. आणि रेसकोर्स रोडवरून जाताना उजव्या-डाव्या हाताला यशवंत क्लबची भिंत दिसतेच. पण हे यशवंतराव कोण, असे घरातल्या मुलांना विचारले तर ती बहुधा इंग्रजांना सळो की पळो करून सोडणाऱ्या पहिल्या यशवंतरावांचे नाव घेतील. ते वीर होतेच, पण १८११ सालीच गेले. क्लब, इस्पितळ आणि तलाव यांवर ज्यांचे नाव आहे ते दुसरे यशवंतराव, होळकर राज्याचे शेवटचे सत्ताधारी महाराज. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्यांच्या कचेरीत कारकुनी केली, ज्यांच्या शाळांत शिकवले, ते हेच.

त्यांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८चा. तेव्हा संस्थानिकाचे वजन तोफांच्या सलामीवर जेवढे ठरे, तेवढेच शिकारीवरही ठरे. होळकरांकडे शिकारीला रानांची वाण नव्हती. चोरलचा घाट, बडवाह, कन्नौद, पलीकडे निमाड, विंध्याच्या दोन्ही अंगांना वाघ-बिबटे होते. शहराच्या अगदी उशाशी राळामंडळची टेकडी होती आणि तिच्या माथ्यावर होळकरांचे शिकारगाह. शिकार म्हणजे महाराजांनी बंदूक उचलली आणि वाघ पाडला, एवढे सोपे प्रकरण नसे. आधी माग काढणारे रानात जात, पाडा बांधत, मचाण बांधले जाई, मग आजूबाजूच्या गावांतली माणसे हाक्याला निघत. ढोल-डबे वाजवत जनावर मचाणाच्या दिशेने ढकलायचे, हे त्यांचे काम. सगळ्याच संस्थानांत हे काम बरेचसे वेठीचे असे. ज्या रानात राजाची शिकार राखलेली, तिथली डुकरे आणि हरणे शेतात शिरली तरी शेतकऱ्याने हात चालवायचा नाही, हाही नियमच. शिकारीच्या जुन्या तसबिरींत महाराज, पाहुणे आणि मेलेला वाघ दिसतात. हाकेकरी क्वचितच दिसतात, आणि दिसले तर अगदी कडेला.

पाहुण्यांसाठी शिकार हे राजकारणही होते. एजंट, रेसिडेंट, लाटसाहेब आले की त्यांना वाघ मिळालाच पाहिजे. महूची छावणी जवळ, तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्यांची वर्दळ कायमची. त्यांतल्या काहींना बंदुकीपेक्षा गळ प्रिय. नर्मदेत महाशीर होता, निमाडात त्याला बाडस म्हणतात. माणसाशी झुंजणारा मासा म्हणून त्याची साहेब लोकांत मोठी ख्याती. मात्र महेश्वरच्या घाटावर आपल्या बायका त्याच नदीतल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालत आणि अजूनही घालतात. एकाच नदीकाठच्या या दोन रीती एकमेकींना कधी कळल्या असतील असे वाटत नाही.

अशा घरात यशवंतराव वाढले, पण फार काळ नाही. लहानपणीच त्यांना विलायतेला धाडले गेले. चीम, मग चार्टरहाऊस, पुढे ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च. मधल्या काळात, १९२४ साली, कागलच्या घाटगे घराण्यातल्या संयोगिताबाईंशी त्यांचे लग्न झाले. कागल हे शाहू महाराजांचे जन्मघराणे. मराठा आणि धनगर घराण्यांत सोयरीक व्हावी, ही शाहू महाराजांची मनापासूनची खटपट होती. लग्न झाले तेव्हा ते हयात नव्हते, पण इंदूर-कागल नात्यामागे त्यांचीच दृष्टी होती. कोल्हापूरही शिकारीचे मोठे ठाणे, तिथे पाळीव चित्ते सोडून काळवीट धरत. म्हणजे सून आली तीही शिकारीच्या मुलखातूनच. आपल्या गावातला संयोगितागंज तो याच राणीसाहेबांच्या नावाचा.

१९२५ साली मुंबईत मलबार हिलवर बावला खून प्रकरण घडले. त्याची झळ इंदूरच्या गादीपर्यंत आली आणि पुढच्या वर्षी तुकोजीराव महाराजांनी गादी सोडली. सतरा वर्षांचे यशवंतराव महाराज झाले. पूर्ण अधिकार मिळाले ते १९३० साली. वडिलांच्या बदनामीच्या सावलीत गादीवर बसलेला हा मुलगा पुढे आयुष्यभर जुन्या दरबारी थाटापासून थोडा अंग चोरूनच वागला, असे आम्हाला त्यांचे आयुष्य पाहताना वाटते.

ऑक्सफर्डला त्यांची गाठ एकार्ट मुथेझिउस या तरुण जर्मन वास्तुकाराशी पडली. त्याच्याकडून त्यांनी माणिकबाग बांधून घेतली. १९३३च्या सुमारास ती उभी राहिली तेव्हा युरोपातसुद्धा तसले घर विरळा होते: पोलादी नळ्यांच्या खुर्च्या, काचेचे दिवे, थंड हवेची सोय. राजवाड्याच्या भिंतीवर वाघाची मुंडकी हवीत ही त्या काळची रीत. माणिकबागेची ओळख मात्र वेगळ्याच गोष्टींनी झाली. ब्रांकुसी या थोर शिल्पकाराचे पक्षी महाराजांनी घेतले होते, एक ब्राँझचा, एक पांढऱ्या आणि एक काळ्या संगमरवराचा. पंख नाहीत, चोच नाही, नुसती वर झेप. बंदुकीच्या घरात असे पक्षी आणणारा राजा त्या वेळच्या दरबाऱ्यांना कितपत समजला असेल, कोण जाणे!

१९३४ साली यशवंत क्लब सुरू झाला. रेसकोर्स रोडवर सुमारे चौदा एकर जागा. क्लब राजेरजवाड्यांचा, सरदारांचा आणि होळकर राज्याच्या देशी-विलायती अंमलदारांचा होता. साध्या माणसाला तिथे पाऊल टाकायची सोय नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्यापैकी काही घरांत आजोबा क्लबात जात असे अभिमानाने सांगतात. बहुतेक घरांतले आजोबा मात्र बाहेरूनच दिवे पाहून परतत. तरीही एक फरक होता. शिकारीच्या मुक्कामात राजा, पाहुणा आणि हाकेकरी अशी उतरंड पक्की असे. क्लबात देशी अंमलदार आणि गोरा अंमलदार एकाच टेनिस कोर्टावर समोरासमोर येत. अनेक शहरांतल्या गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला मज्जाव असण्याचे ते दिवस. त्या काळी हिंदी राजाच्या नावाने, हिंदी सभासदांसाठी क्लब निघणे ही लहान गोष्ट नव्हती.

पुढे या क्लबच्या मैदानाने जे केले ते क्लबच्या खोल्यांना जमले नसते. यशवंतराव स्वतः खेळाचे शौकीन. होळकर क्रिकेट संघ त्यांच्या आश्रयाने वाढला. कर्नल सी. के. नायडू तुकोजीरावांच्या काळातच इंदूरला आले होते. मुश्ताक अली तर इंदूरचेच, चंदू सरवटेंनाही इथेच नाव मिळाले. खेळाडूला फौजेत किंवा राज्याच्या नोकरीत घ्यायचे आणि पोटाची काळजी मिटवायची, ही होळकरांची रीत. दुसऱ्या महायुद्धात महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनही होळकरांकडून खेळून गेला. १९४५च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्याने नाबाद २४९ काढल्या, तरी सामना हरलो. जुन्या लोकांना त्या हरण्याचेही कौतुकच होते.

मग मार्च १९४६. यशवंत क्लबच्या मैदानावर म्हैसूरशी उपांत्य सामना. होळकर संघाने ८ बाद ९१२वर डाव सोडला आणि त्यात सहा जणांची शतके. भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, नायडू १०१, निंबाळकर १७२, प्रतापसिंग १००. एका डावात सहा शतके, हा जगातला विक्रम. ही नावे पुन्हा एकदा वाचा. त्यांतली बरीचशी आपल्या पंगतीत शेजारी बसावीत अशी. त्याच मोसमात होळकरांनी पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, मग १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ साली पुन्हा. क्लबच्या दारातून आत न जाऊ शकणारा इंदूरकर त्याच्या मैदानाच्या कडेला मात्र बसला, ओरडला, आणि संघाला आपला म्हणू लागला.

महाराजांच्या कारभारातही या वर्षांत दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या झाल्या. १९३८ साली त्यांनी राज्यातली देवळे हरिजनांना खुली केली. १९३९ साली गंभीर नदीवर यशवंतसागर बांधला गेला, तो वाढत्या इंदूरच्या पाण्यासाठी. १९४२ साली त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना जाहीर पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नात मध्यस्थी करा म्हणून सुचवले. एका संस्थानिकाने साम्राज्याला न विचारता असे करणे इंग्रजांना चांगलेच झोंबले.

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती लपवून उपयोग नाही. महाराज इंदूरला फार कमी राहिले. प्रकृती नाजूक, मन युरोप-अमेरिकेत रमलेले. राजा गावात नाही, ही तक्रार इंग्रजांची होती तशी प्रजेचीही होती. पॅरिसच्या सराफांकडची खरेदी, डुसेनबर्ग मोटार, रेल्वेचा खास डबा यांचा पैसा शेवटी माळव्याच्या शेतसाऱ्यातूनच जात होता. ज्यांनी हाक्याला माणसे पाठवली त्याच गावांतून.

दुःखही त्यांच्या वाट्याला पुष्कळ आले. जुलै १९३७मध्ये संयोगिताबाई स्वित्झर्लंडमध्ये अगदी तरुणपणी वारल्या. मुलगी उषादेवी तेव्हा चार वर्षांचीही नव्हती. ब्रांकुसीच्या पक्ष्यांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायचा बेत महाराजांनी योजला होता. त्या हिवाळ्यात ब्रांकुसी त्यासाठी इंदूरला येऊनही गेला, पण मंदिर झाले नाही. ते झाले असते तर आज जगभरची माणसे राजवाडा आणि सराफा पाहून झाल्यावर तिकडे गेली असती. आपल्या शहराचे जे राहून गेले, त्यात हे आम्हाला सगळ्यात जास्त लागते.

महाराजांनी नंतर दोन अमेरिकन स्त्रियांशी लग्ने केली. दुसऱ्या लग्नातून १९४४ साली रिचर्ड शिवाजीराव झाले, पण वारसा उषादेवींकडे गेला. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत अस्तित्वात आला. ग्वाल्हेरचे शिंदे राजप्रमुख आणि होळकर उपराजप्रमुख. आपल्या घरांच्या दृष्टीने ही उलथापालथच होती. पिढ्यान्‌पिढ्यांची सरकारची नोकरी होळकर सरकारची राहिली नाही, कचेरीतली मोडी आणि मराठी मागे पडली, कितीतरी कुटुंबांनी पुणे-मुंबईचा रस्ता धरला. जी राहिली त्यांची आपण मुले-नातवंडे. क्रिकेट संघही १९५५च्या सुमारास संपला. यशवंतराव ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत वारले. वय अवघे त्रेपन्न. माणिकबाग पुढे सरकारी करखात्याकडे गेली आणि तिथले सामान १९८० साली मोनॅकोत लिलावाला निघाले. ज्या खुर्च्या आज परदेशी संग्रहालयांत काचेआड आहेत, त्यांवर कधीकाळी आपल्या गावचा राजा बसत होता.

शिकारीवर १९७२च्या कायद्याने पडदा पडला. तोवर माळव्यातले वाघ जवळजवळ संपले होते. काही बंदुकीने, बरेचसे जंगल तुटल्याने. राळामंडळ १९८९ साली अभयारण्य झाले. राखीव शिकारीच्या जागा म्हणून जे तुकडे नांगरापासून वाचले, त्यांतलाच हा एक. शिकारगाहात आता संग्रहालय आहे आणि रविवारी सकाळी आपलीच मंडळी पाण्याची बाटली घेऊन तो चढ चढतात. चोरलच्या बाजूला बिबट्या आहेच, आणि २०२३ साली महूच्या परिसरात वाघ फिरताना कॅमेऱ्यात दिसला तेव्हा आसपासच्या गावांत पुन्हा तीच जुनी भीती पसरली. नर्मदेतला बाडस धरणांमुळे वाहते पाणी हरवून बसला. २०११ साली त्याला राज्याचा मासा म्हणून मान दिला गेला आहे, आता बडवाहच्या बाजूला त्याची वीण वाढवायचे प्रयत्न चालतात.

यशवंतसागर आणि सिरपूर ही दोन्ही पाणथळे २०२२ साली रामसरच्या यादीत गेली. थंडीत यशवंतसागरवर परदेशी बदके उतरतात, काठच्या शेतांतून सारसांची जोडी फिरताना दिसते, पलीकडे जाळी टाकून बसलेले मच्छीमार असतात. डिसेंबरात मंडळाची सहल तिकडे काढायचा विचार आहे. जाताना पहाटे निघावे लागेल. पक्षी पाहायचे तर दुर्बीण आणा, आणि मुलांना हे यशवंतराव कोणते ते बसमध्येच सांगून ठेवा.