विश्लेषण : चुली दोन, गणपती एक… मग कुटुंब एकत्र की विभक्त? इरावती कर्वे यांचे उत्तर काय होते?

एकाच इमारतीत दोन भाऊ राहतात. स्वयंपाकघरे दोन, पण गावची जमीन सामायिक आणि गणपतीही एकच. जनगणनेत स्वयंपाकघर वेगळे म्हणून ही दोन घरे मोजली जातात. घरच्यांना मात्र हे पटत नाही. हा गुंता ज्यांनी शास्त्रीय पद्धतीने सोडवायला घेतला, त्यांत इरावती कर्वे (१९०५-१९७०) यांचे नाव आजही अग्रक्रमाने येते.

त्यांचे स्वतःचे घर कसे होते?

जन्म ब्रह्मदेशातला, तिथल्या नदीवरून नाव इरावती. सातव्या वर्षी त्या पुण्याच्या हुजूरपागेत आल्या. पुढे मैत्रीण शकुंतला हिच्या घरी, रँग्लर परांजपे यांच्याकडे राहिल्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२८ मध्ये गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्या एम.ए. झाल्या आणि बर्लिनला गेल्या. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या सासऱ्यांना सुनेचे हे जाणे पसंत नव्हते, हे विशेष. १९३० मध्ये डॉक्टरेट मिळाली; १९३९ पासून कार्यक्षेत्र डेक्कन कॉलेज. घरात मुले आईवडिलांना नावाने हाक मारत. त्या काळच्या पुण्यात हे नवलच!

एकत्र कुटुंबाची व्याख्या काय?

भारतातील नातेव्यवस्थेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये आला. त्यात एकत्र कुटुंबाच्या खुणा दिल्या आहेत : एक छप्पर, एक चूल, सामायिक मालमत्ता, एकत्र देवपूजा आणि ठरावीक नाते. माणसे किती, हा मुद्दाच नाही.

यात मुलीचे काय?

ग्रंथाचा खरा कस इथे लागतो. उत्तरेत गावाबाहेर, नात्याबाहेर लग्न. म्हणून नवरी अनोळखी माणसांत जाते. दक्षिणेत अनेक जातींत मामा किंवा आतेमामे भावंडांशी विवाह होतो. तिथे सासू ही कधी आत्या असते, कधी आजी. सासर-माहेर यांतली भिंत त्यामुळे पातळ होते. महाराष्ट्र मधला : अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची टाळतात. मामाच्या मुलीवरून होणारी आपल्याकडची थट्टा याच चालीतून आली असावी.

मग कुटुंबे आताच फुटू लागली का?

तसे त्या मानत नव्हत्या. एकत्र कुटुंब वाढते, कर्ता गेला की वाटण्या होतात आणि प्रत्येक शाखा पुन्हा मुलानातवंडांचे नवे एकत्र कुटुंब होते, असे हे चक्र त्यांनी मांडले. आज शहरातल्या फ्लॅटमध्ये ते अर्ध्यावर थांबते. मुलगा नोकरीसाठी परगावी जातो, चूल वेगळी होते, सातबाऱ्यावर मात्र सगळ्यांची नावे तशीच राहतात.