विश्लेषण : हातातला आणि टीव्हीवरचा खेळ एकाच यंत्रात? 'एनएक्स'च्या अफवा आणि गुनपेई योकोई

जुलै २०१६ मध्ये व्हिडिओ गेमच्या जगात एक बातमी फुटली. जपानच्या निन्टेंडो कंपनीचे तोवर कुणीही न पाहिलेले 'एनएक्स' हे यंत्र म्हणे हातात धरून खेळायचे असेल. त्याच्या दोन्ही बाजूंची बटणे काढून घेता येतील आणि घरी आल्यावर तेच यंत्र एका खोबणीत ठेवले की खेळ टीव्हीवर दिसू लागेल. आत चिप टॅब्लेटच्या जातीची, खेळ तबकडीऐवजी छोट्या कार्डावर. अनेकांनी नाक मुरडले. टक्कर 'प्लेस्टेशन ४'शी आणि चिप टॅब्लेटची? निन्टेंडोचा इतिहास ठाऊक असलेल्यांना मात्र हे वर्णन ओळखीचे वाटले. त्या इतिहासातला मोठा भाग गुनपेई योकोई या अभियंत्याचा आहे आणि ही बातमी आली तेव्हा त्यांना जाऊन जवळपास १९ वर्षे झाली होती.

अफवा नेमक्या कशा सुरू झाल्या?

'एनएक्स' हे नाव कंपनीनेच दिलेले होते. १७ मार्च २०१५ रोजी तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी मोबाइलवरील खेळांसाठी डीएनए या कंपनीशी करार जाहीर केला. निन्टेंडो आता यंत्रे बनवणे सोडणार, अशी कुजबुज होऊ नये म्हणून त्याच वेळी त्यांनी नव्या यंत्राचे सांकेतिक नाव सांगून टाकले. तपशील काहीच दिला नाही. चार महिन्यांत, ११ जुलै २०१५ रोजी, इवाता यांचे आजारपणात निधन झाले आणि कंपनी गप्प झाली. मग रिकाम्या जागेत जे भरते ते भरले. मार्च २०१६ मध्ये तर अंडाकृती पडदा असलेल्या एका कंट्रोलरची छायाचित्रे जगभर फिरली. ती बनावट असल्याची कबुली पुढे बनवणाऱ्यांनीच दिली.

हातातले आणि घरातले यंत्र एकत्र येणार, या अंदाजाला मात्र आधार होता. निन्टेंडोने २०१३ मध्येच ही दोन वेगळी यंत्रे बनवणारे आपले विभाग एकत्र केले होते. शिवाय कल्पनाही नवी नव्हती. १९९४ च्या 'सुपर गेम बॉय'ने हातातल्या यंत्राचे खेळ टीव्हीवर नेले होते. १९९५ च्या सेगाच्या 'नोमॅड'ने उलट घरातल्या यंत्राचे खेळ हातात आणले, पण त्याला सहा सेल लागत आणि ते फार वेळ टिकत नसत.

योकोई निन्टेंडोत कसे आले?

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, क्योटोचा. दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली. गुण बेताचे होते. मोठ्या विद्युत कंपन्यांनी दारे लावली, तेव्हा १९६५ मध्ये घराजवळच्या निन्टेंडोत ते रुजू झाले. ही कंपनी १८८९ पासून हानाफुदा, म्हणजे फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते, छापत असे. पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल हे योकोईंचे काम. यंत्रे नीट चालत, त्यामुळे हाताला वेळच वेळ होता.

त्या रिकाम्या वेळात त्यांनी लाकडी पट्ट्यांचा, दाबला की लांब जाणारा आणि पुढच्या टोकाने वस्तू पकडणारा एक हात बनवला. कारखान्यात फेरी मारणारे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या तो नजरेस पडला. बोलावणे आले तेव्हा योकोईंना वाटले, आता बोलणी बसणार. यामाउचींनी ते खेळणे विकायला काढायला सांगितले. १९६६ मध्ये 'अल्ट्रा हँड' या नावाने आलेले ते खेळणे दहा लाखांहून अधिक खपले. देखभाल करणारा माणूस खेळणी घडवणारा झाला.

जुने तंत्रज्ञानच का?

योकोईंचे खरे वेगळेपण पुढच्या खेळण्यांत दिसते. १९६९ च्या 'लव्ह टेस्टर'मध्ये तरुण-तरुणीने एकमेकांचा हात धरायचा, दुसऱ्या हातात यंत्राची टोके धरायची, आणि काटा प्रेम किती ते दाखवायचा. आत होते फक्त वीजप्रवाह मोजणारे साधे उपकरण. जपानी समाजात उघडपणे हात धरायला निमित्त हवे होते, ते या खेळण्याने दिले. रिमोटवर चालणाऱ्या मोटारी महाग होत्या, तेव्हा त्यांनी फक्त डावीकडेच वळणारी मोटार बनवली. वळायला एकच दिशा, म्हणून यंत्रणा निम्मी आणि किंमतही कमी. गोल मार्गावर शर्यत लावायला तेवढे पुरते.

या पद्धतीला ते जे नाव देत, त्यातल्या जपानी शब्दाचा अर्थ वाळलेले असा होतो. मराठीत मुरलेले तंत्रज्ञान म्हणणे अधिक जवळचे. बाजारात पुरेसे जुने झालेले, स्वस्त झालेले, ज्याचे गुणदोष सगळ्यांना कळले आहेत असे तंत्र घ्यायचे आणि ज्यासाठी ते कुणी वापरले नाही अशा जागी वापरायचे. काटकसर म्हणून हे सोडून देणे सोपे आहे, पण त्यात एक धोरण होते. मुलाच्या खिशाला परवडेल ती किंमत आधी ठरायची, यंत्र नंतर.

सर्वांत गाजलेले उदाहरण बुलेट ट्रेनमधले. एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसलेला योकोईंनी पाहिला. वेळ घालवायला, कुणाच्या लक्षात न येणारे छोटे यंत्र असावे, असे त्यांच्या मनात आले. पुढे एके दिवशी चालक आजारी असल्याने अध्यक्षांची गाडी ओसाकाला नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. वाटेत त्यांनी ही कल्पना सांगितली. यामाउचींनी फारसे मनावर घेतल्यासारखे दाखवले नाही, पण ज्या बैठकीला ते चालले होते तिथे त्यांची खुर्ची नेमकी शार्प कंपनीच्या अध्यक्षांशेजारी होती. काही दिवसांतच शार्पची माणसे निन्टेंडोच्या दारात उभी राहिली. शार्प आणि कॅसिओ यांच्या कॅल्क्युलेटर-युद्धात एलसीडी पडदे मातीमोल झाले होते. त्यातून १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' जन्मले. जगभर त्याचे चार कोटींहून अधिक नग विकले गेले.

१९८२ च्या 'डाँकी काँग' या गेम अँड वॉचसाठी बोटाखाली मावणारी चपटी दिशादर्शक कळ हवी होती. योकोईंनी अधिकाच्या चिन्हासारखे बटण दिले. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या ज्या घरांत टीव्हीला जोडायचा, कॅसेट घालायचा व्हिडिओ गेम होता, त्या मुलांचा डावा अंगठा याच बटणावर झिजला आहे, कारण ते निन्टेंडोच्या घरगुती यंत्रातून सर्व नकलांमध्ये उतरले.

'गेम बॉय' का जिंकला?

२१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये 'गेम बॉय' १२,५०० येनला विक्रीस आला. पडदा हिरवट, रंगाच्या फक्त चार छटा, मागे प्रकाश नाही. श्रेय एकट्या योकोईंचे नव्हे. त्यांना साधे, स्वस्त खेळणे हवे होते. बदलत्या खेळांचे, दीर्घकाळ टिकणारे यंत्र असावे हा आग्रह त्यांचे सहकारी सातोरू ओकादा यांचा होता. पडद्यानेही घात केला होता. शार्पने आधी दिलेला पडदा किंचित तिरका धरला की काही दिसत नसे. यामाउचींनी ते पाहिले आणि प्रकल्प गुंडाळण्याची वेळ आली. पडद्याचा प्रकार बदलला, म्हणून तो वाचला.

त्याच वर्षी अटारीने रंगीत 'लिंक्स' आणले, पुढच्या वर्षी सेगाने रंगीत 'गेम गिअर'. दोन्ही दिसायला कितीतरी सरस. दोन्हींना सहा सेल लागत आणि काही तासांत ते संपत. गेम बॉय चार सेलवर पंधरा तासांच्या आसपास सहज चालायचा. अमेरिकेत लिंक्स सुमारे १८० डॉलरला होते, गेम बॉय सुमारे ९० डॉलरला, आणि सोबत 'टेट्रिस' मोफत. गेम बॉय आणि त्याच्या रंगीत आवृत्तीची मिळून विक्री ११ कोटी ८० लाखांच्या पुढे गेली.

मग 'व्हर्च्युअल बॉय'चे काय झाले?

हे प्रकरण एनएक्सच्या अफवांशी सर्वांत जवळून जोडलेले आहे. १९९५ मध्ये योकोईंनी डोळ्यांसमोर धरून त्रिमितीय चित्र दाखवणारे यंत्र आणले. रंगीत एलईडी परवडणारे नव्हते, म्हणून चित्र काळ्यावर लाल. ते डोक्यावर बांधता येत नसे, खिशात मावत नसे आणि टीव्हीलाही जोडता येत नसे. टेबलावर तिवईवर ठेवून त्यात डोके खुपसायचे, मान अवघडायची, डोळे दुखायचे. घरातले म्हणावे तर घरातले नाही, प्रवासातले म्हणावे तर तेही नाही. जेमतेम पावणेआठ लाख नग विकून वर्षभरात ते बंद पडले. मुरलेले तंत्र वापरण्याचा नियम इथेही होताच. चुकले ते यंत्राचे ठिकाण: माणूस ते कुठे बसून वापरणार, याचे उत्तर त्यात नव्हते.

ऑगस्ट १९९६ मध्ये ३१ वर्षांच्या नोकरीनंतर योकोईंनी निन्टेंडो सोडली. व्हर्च्युअल बॉयच्या अपयशामुळे त्यांना घालवले, ही अफवा तेव्हाच पसरली आणि आजही सांगितली जाते. तिच्या विरोधात दोन गोष्टी जातात. जाण्याआधी त्यांनी गेम बॉयची लहान आणि स्पष्ट पडद्याची 'पॉकेट' आवृत्ती पूर्ण करून बाजारात आणली. दुसरे म्हणजे, पन्नाशीच्या सुमारास स्वतःचे काम सुरू करण्याचा आपला विचार जुनाच होता, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले. अपयशाचे ओझे मुळीच नसेल असेही कुणी म्हणणार नाही, पण हकालपट्टीची गोष्ट पुराव्यापेक्षा सोयीची अधिक आहे.

त्यांनी क्योटोतच 'कोतो' ही छोटी कंपनी काढली आणि बांदाई कंपनीसाठी नव्या हातातल्या यंत्राचे काम घेतले. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातील होकुरिकू द्रुतगती मार्गावर ते बसलेली मोटार पुढच्या ट्रकला धडकली. नुकसान पाहायला ते खाली उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने त्यांना उडवले. वय ५६. बांदाईचे 'वंडरस्वान' १९९९ मध्ये आले. ते एकाच पेन्सिल सेलवर चालायचे, आडवे-उभे कसेही धरता यायचे, आणि त्यासोबतच्या कोड्याच्या खेळाचे नाव होते 'गुनपेई'.

अफवांपैकी खरे काय ठरले?

२० ऑक्टोबर २०१६ रोजी निन्टेंडोने साडेतीन मिनिटांच्या चित्रफितीत 'स्विच' दाखवले. सुटी होणारी बटणे, टीव्हीची खोबणी, छोटी कार्डे, एनव्हिडियाची टेग्रा चिप, सारे जुलैच्या बातमीप्रमाणेच. ३ मार्च २०१७ रोजी यंत्र विक्रीस आले तेव्हा त्या जातीची टेग्रा चिप जाहीर होऊन दोन वर्षे उलटली होती. ताकदीत ते प्लेस्टेशनच्या जवळपासही नव्हते. तरी १५ कोटींहून अधिक नग विकले गेले. स्विच योकोईंनी आखलेले नाही आणि त्याच्या रचनेत त्यांचा हात शोधणे ओढाताणीचे ठरेल. पण चिप जुनी आहे म्हणून अफवा खोटी असणार, हा तर्क याच कंपनीबाबत का फसतो, ते त्यांच्या ३१ वर्षांत दिसते.

एका कसोटीवर मात्र स्विच योकोईंसमोर नापास झाले असते. बॅटरी खेळानुसार अडीच ते साडेसहा तासच पुरायची. साडेचार ते नऊ तासांच्या दरम्यान चालणारी सुधारित आवृत्ती २०१९ मध्ये आली, आणि तीही १९८९ च्या चार सेलांच्या मागेच राहिली.