परवाना क्रमांक १

सुरगाणा हा नाशिक जिल्ह्यातील डोंगराळ तालुका. येथे विमानतळ नाही. परंतु आकाशात विमानाचा आवाज आला, की मुले अंगणात धावतात आणि ते दिसेनासे होईपर्यंत पाहत राहतात. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एका मुलालाही विमानांची अशीच ओढ होती. त्याचे नाव जहांगीर. पुढे सारा देश त्यांना जे. आर. डी. टाटा या नावाने ओळखू लागला.

जे. आर. डी. यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील पारशी आणि आई फ्रेंच होती. सुट्टीत हे कुटुंब समुद्रकिनारी राहत असे. विमानातून इंग्लिश खाडी प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ तेथे त्यांचे शेजारी होते. पंधराव्या वर्षी जहांगीर पहिल्यांदा विमानात बसले आणि वैमानिक होण्याचा त्यांनी निश्चय केला.

मुंबईत विमान चालवण्यास शिकवणारा क्लब सुरू होताच ते तेथे दाखल झाले. घरी श्रीमंती होती. पण श्रीमंती पाहून परवाना मिळत नसे. विमान एकट्याने चालवून दाखवावे लागे. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता १.

भारत व इंग्लंड यांमधील प्रवास एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस ठेवले होते. १९३० साली जे. आर. डी. कराचीहून निघाले. वाटेत इजिप्तमध्ये त्यांना ॲस्पी इंजिनिअर हा १७ वर्षांचा स्पर्धक भेटला. तो इंग्लंडहून येत होता. इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसल्यामुळे तो अडकून पडला होता. त्याला तेथेच सोडून पुढे जाणे जे. आर. डी. यांना सोपे होते. तरीही त्यांनी आपल्याजवळचा जादा प्लग त्याला दिला. बक्षीस ॲस्पीने जिंकले. पुढे १९६० मध्ये तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला आले. या सेवेतूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली. १९८२ मध्ये, ७८ व्या वर्षी, त्यांनी हाच प्रवास पुन्हा एकट्याने केला. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

आज खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात. उमेदवार दहावी उत्तीर्ण हवा. डॉक्टरांच्या तपासणीत तो पात्र ठरला पाहिजे. हवाई नियम, दिशा, हवामान आणि इंजिन यांची लेखी परीक्षा द्यावी लागते. किमान ४० तासांचे उड्डाणही आवश्यक असते. त्यांतील काही तास एकट्याने विमान चालवावे लागते. या शिक्षणाला खर्च बराच येतो, हे खरे. परंतु उमेदवार कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी, किंवा कोणत्या गावचा, हे या अटींत कोठेही विचारलेले नाही. मुलांनो, यांपैकी दहावीची अट तर तुमच्या वर्गापासून फार दूर नाही.