सर जेम्स ड्यूअर

स्कॉटलंडमध्ये फोर्थ नदीच्या काठी किंकार्डिन नावाचे लहानसे गाव आहे. तेथे २० सप्टेंबर १८४२ रोजी जेम्स ड्यूअरचा जन्म झाला. तो दहा वर्षांचा असताना, एका हिवाळ्यात पायाखालचा बर्फ फुटून तो गोठलेल्या पाण्यात पडला. जीव वाचला, पण संधिवाताचा ज्वर जडला आणि सुमारे दोन वर्षे त्याला कुबड्यांवाचून चालता येईना. सोबतीची मुले धावत-खेळत असत, तेव्हा हा मुलगा गावच्या सुताराकडे बसून व्हायोलिन बनवावयास शिके. त्या कामाने बोटांना जे वळण लागले, ते पुढे प्रयोगशाळेत कामी आले, असे तो स्वतः मानी. ज्या थंडीने त्याला पांगळे केले, तिच्याशीच त्याचा जन्मभर संबंध यावा, हे नवलच!

एडिंबरो येथे रसायनशास्त्राचे अध्ययन करून ड्यूअर १८७५ मध्ये केंब्रिजला व १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाला. १८८३ मध्ये पोलंडमधील क्राको शहरी व्रुब्लेव्स्की व ओल्शेव्स्की या शास्त्रज्ञांनी प्राणवायू व नत्रवायू यांचे द्रवात रूपांतर केले. ड्यूअरनेही तोच मार्ग धरला. परंतु द्रव तयार झाला, तरी तो ठेवावा कशात? नत्रवायूचा द्रव उणे १९६ अंशांवर उकळतो. त्याला आपल्या खोलीची हवाही भट्टीसारखीच! मोठ्या खटपटीने मिळविलेला द्रव प्रयोगास आरंभ होण्यापूर्वीच उडून जाई.

१८९२ मध्ये ड्यूअरने यावर उपाय शोधला. त्याने काचेचे एकात एक असे दुहेरी भांडे करविले आणि दोन भिंतींमधील हवा काढून टाकली. हवाच नाही, तर उष्णता वाहून कोण नेणार? किरणांच्या रूपाने येणारी उष्णता परतविण्यासाठी भिंतींना चांदीचा मुलामा दिला. आता द्रव बराच काळ टिकू लागला.

द्रव एका भांड्यातून दुसऱ्यात नेण्याची युक्तीही मजेदार आहे. मोठ्या भांड्यात नळी बुडवून तोंड बंद करतात. आत थोडा द्रव उकळून वायू होतो व त्याच्या दाबाने उरलेला द्रव नळीत चढतो. आरंभी नळी उबदार असल्याने तिच्यातून नुसता वायू फुसफुसतो. नळी गार झाली, की मग द्रवाची धार लागते. ती हवी तेवढी सोडण्यास तोटी असते. म्हणून चांगली नळीही दुहेरी, निर्वात भिंतीची करतात. मात्र दाबाला वाट ठेवावीच लागते; कारण एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. गुरांच्या दवाखान्यातील नत्रवायूच्या भांड्याचे बूच सैल असते, ते याचसाठी.

ड्यूअरने या भांड्याचे एकस्व घेतले नाही. पुढे एका जर्मन कारागिराने त्यालाच वरून आवरण घातले आणि चहा गरम ठेवणारा थर्मास बाजारात आला. ड्यूअरला त्यातून काही मिळाले नाही.

त्याचे मन दुसरीकडेच होते. १० मे १८९८ रोजी त्याने हायड्रोजनचा २० घन सेंटिमीटर द्रव मिळविला. तो उणे २५३ अंशांवर उकळत होता. असे प्रयोग फार धोक्याचे असत. स्फोटांत त्याच्या दोन साहाय्यकांना प्रत्येकी एक डोळा गमवावा लागला. तरी काम थांबले नाही.

उरला होता केवळ हेलियम. ड्यूअर स्वभावाने तापट होता. सहकाऱ्यांशी त्याचे पटत नसे. हेलियमचा पुरेसा साठा ज्या शास्त्रज्ञाजवळ होता, त्याच्याशीही त्याचे वैर होते. अखेर १० जुलै १९०८ रोजी हॉलंडमधील लायडन येथे कॅमरलिंग ओनेसने हेलियमचा द्रव केला. तो द्रव ज्या दुहेरी भांड्यात साठला, ते ड्यूअरच्याच धर्तीचे होते.

त्यानंतरही ड्यूअर रॉयल इन्स्टिट्यूशनमध्येच काम करीत राहिला. १९२१ मध्ये त्याच्या विवाहास ५० वर्षे झाली, तेव्हा समारंभात त्याने बालपणी बनविलेले एक व्हायोलिन वाजविण्यात आले. २७ मार्च १९२३ रोजी लंडन येथे त्याचे निधन झाले.